रिसबूड काकांचे सतरा नियम

रिसबूड काकांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक घड्याळ असायचं. वेळ दाखवणारं नव्हे, वेळ मोजणारं. बटण दाबलं की काटा पळायला लागायचा, परत दाबलं की थांबायचा. पुण्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते घड्याळ घेऊन कामगारांच्या पाठीमागं उभं राहायचं, हीच त्यांची नोकरी. कोण नट किती सेकंदांत आवळतो, कोण पाणी प्यायला किती वेळा जातो आणि तिथं किती बोलतो, हे सगळं ते लिहून घ्यायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना शाल, नारळ आणि तेच घड्याळ दिलं. शाल-नारळावर भागवलं असतं तर पुढं बऱ्याच लोकांचं भलं झालं असतं.

अमेरिकेत वेस्ट विंडसरला माझ्या लेकीचं, रेखाचं घर आणि काकांच्या मुलाचं, मंदारचं घर भिंतीला भिंत लागून होतं. मी नातवाला सांभाळायला रेखाकडं कायमची आलेली. काका-काकू दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले. पहिल्याच दिवशी काकांनी मला विचारलं,

"हौसाबाई, शिक्षण?"

"चौथी."

"म्हणजे घड्याळ कळतं. पुरे."

एवढी माझी मुलाखत. पुढं सहा महिने त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

काकूंचं मनगट दुखायचं म्हणून दोन्ही घरच्या पोळ्या मीच करत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काका स्वयंपाकघरात येऊन माझ्या मागं उभे राहिले. मला वाटलं पाणी हवं असेल. मी विचारलंही. नुसता टिक्-टिक् आवाज येत होता. पाठीमागं परका पुरुष उभा असला की माझा हात चालत नाही. दोन पोळ्या करपल्या, एक फाटली. सगळ्या झाल्यावर काका वहीत बघून म्हणाले,

"तुम्ही पोळी तीनदा उलटता. दोनदा पुरते. आणि सातव्या-आठव्या पोळीच्या मध्ये खिडकीबाहेर बघितलंत. कारण?"

"खार होती."

"खारीचे अकरा सेकंद," असं म्हणत त्यांनी खरोखरच लिहून घेतलं. करपलेल्या पोळ्यांचं मात्र लिहिलं नाही. त्या कोणामुळं करपल्या याला त्यांच्या वहीत रकाना नव्हता.

त्या दिवसापासून मला बाहेर बघायचं असलं की मी आधी मागं बघायची.

काकांचा एक लाडका शब्द होता, "पुढे?" समोरचा काही सांगायला लागला की दुसऱ्या वाक्याला ते "पुढे?" म्हणायचे. म्हणजे माणूस गडबडायचा आणि गोष्टीचा शेवट आधी सांगून मोकळा व्हायचा. मग काका म्हणायचे, "हे आधीच सांगायचं." रेखानं एकदा त्यांना बर्फात गाडी घसरल्याची हकिकत सांगायला घेतली. दोन "पुढे?" झाल्यावर ती म्हणाली, "काही नाही काका, वाचले." आणि घरी येऊन दार आपटलं.

पुण्याला त्यांची मोठी बहीण होती, त्यांच्या ताई. दर रविवारी सकाळी ते फोनकार्डावरचा आकडा खरवडून तिला फोन लावायचे. आधी कागदावर मुद्दे लिहून काढायचे. मी एकदा पोळ्यांचा डबा द्यायला गेले तेव्हा ऐकलं.

"ताई, मुद्दा पहिला. तब्येत. बरी? बरं. मुद्दा दुसरा. घराची चावी. जोश्यांकडं दिलीस ना? दिलीस. मुद्दा तिसरा. पाऊस..."

ताईंचा आवाज लांबून बारीक ऐकू येत होता. "अरे, माझा गुडघा रे..."

"ते पहिल्या मुद्द्यात यायला हवं होतं," काका म्हणाले आणि पावसाकडं वळले.

काकू बाजूला हात पुढं करून उभ्या होत्या. त्यांना नणंदेशी बोलायचं होतं. काकांनी फोन खाली ठेवला, गळ्यातलं बटण दाबलं आणि मला म्हणाले, "दोन मिनिटं दहा सेकंद. मागच्या रविवारपेक्षा वीस कमी." काकूंनी पुढं केलेला हात पदराला पुसला आणि त्या आत गेल्या. हात ओला नव्हता.

अशा माणसाच्या शेजारी त्या एक्केचाळीस वर्षं राहत होत्या. फिरायला निघाले की काका पुढं, काकू वीस पावलं मागं. कोपऱ्यावर पोचून काका घड्याळ बघत उभे राहायचे. काकू पोचल्या की लगेच निघायचे. त्यामुळं विश्रांती मिळायची ती काकांना. हे काकूंनीच मला सांगितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या उन्हाळ्यात काकूंना बेसबॉल सापडला. मंदारकडच्या मोठ्या टीव्हीवर दुपारी सामने लागायचे. पहिल्यांदा त्या बसल्या ते रिमोट चालवता येईना म्हणून. मग बसतच राहिल्या. मलाही बोलवायच्या. खेळ आम्हाला कोणी शिकवला नाही. एकजण चेंडू टाकतो, समोरचा दांडकं मारतो, चेंडू लांब गेला की पळत सुटतो, एवढं बघून बघून कळलं. पण काकूंना आवडायचं ते वेगळंच.

"बघ हौसा, आता हा चेंडू टाकणार नाही. आधी टोपी काढेल. कपाळ पुसेल. टोपी घालेल. मातीला पाय घासेल. मागं वळून बघेल, कोण काय करतंय. आणि हा दांडकेवाला बघ, हातमोजे सोडतोय, परत बांधतोय. आत्ताच बांधले होते मेल्यानं. आणि कोणी कोणाला बोलत नाही बघ. चाळीस हजार माणसं बसलीत, पण 'चल लवकर' म्हणून कोणी ओरडत नाही."

"खेळ कधी व्हायचा मग काकू?"

"होईल की. तीन तास आहेत."

'तीन तास' हे शब्द त्या असे म्हणायच्या की जणू माहेरी निघाल्यात. सातव्या डावाच्या मध्ये तर खेळ चक्क थांबायचा, सगळी माणसं उठून उभी राहून हातपाय ताणायची आणि एक गाणं म्हणायची. त्या वेळी काकूही सोफ्यापुढं उभ्या राहायच्या. गाणं येत नव्हतं, नुसत्या डुलायच्या. एरवी त्यांना डुलताना मी पाहिलेलं नाही.

मग एका दुपारी काका चष्मा पुसत येऊन बसले. पहिल्या डावात ते तीनदा "पुढे?" म्हणाले. टीव्हीतला माणूस ऐकेना. मग त्यांनी बटण दाबलं. सामना संपला तेव्हा वही भरली होती.

"तीन तास चार मिनिटं," ते मंदारला म्हणाले. "त्यात चेंडू प्रत्यक्ष हलत होता तो वेळ कुकरच्या चार शिट्ट्यांएवढा. बाकी सगळी टंगळमंगळ. आपल्या कारखान्यात अशी पाळी चालली असती तर मी सगळ्यांना घरी बसवलं असतं."

"बाबा, त्यांनाही माहीत आहे ते," मंदार लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. "पेपरमध्ये रोज येतंय. लोकांना गेम स्लो वाटतोय, रूल्स चेंज करायचे म्हणतायत."

हे मंदारनं बोलायला नको होतं. काकांचे डोळे असे लकाकले की विचारता सोय नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणालातरी त्यांची गरज आहे असं त्यांना कळलं होतं. त्या कोणालातरी ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

पुढचे तीन आठवडे काका नियम लिहीत होते. एकूण सतरा झाले. चेंडू हातात आल्यापासून दहा सेकंदांत टाकावा. दांडकेवाल्यानं चौकटीबाहेर पाऊल टाकू नये. हातमोजे घरून नीट बांधून यावेत. टोपीला सामन्यात एकदाच हात लावावा. थुंकू नये, थुंकायचं असेल तर पळता पळता थुंकावं. चेंडू झेलणारा मध्येच उठून चेंडू टाकणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगायला जातो, ते बंद. बोलायचं ते आदल्या दिवशी बोलून घ्यावं. आणि अकरावा नियम: सातव्या डावातली ती उभं राहायची सुट्टी रद्द. 'गाणे ज्याने त्याने स्नानाच्या वेळी म्हणावे.'

जेवताना ते मंदारला एकेक नियम सांगायचे आणि मंदारनं ते इंग्रजीत टाईप करायचे.

"बाबा, ही त्यांची नॅशनल गेम आहे. हसतील आपल्याला."

"हसू देत. हसायला किती वेळ लागतो?"

काकूंनी वाढता वाढता एकदाच तोंड उघडलं. "अहो, ते गाण्याचं तेवढं राहू द्या ना. चांगलं वाटतं."

"चांगलं वाटायला साडेतीन मिनिटं?" काका म्हणाले. "तुला खेळातलं काय कळतं?"

मोठ्या संघांच्या मंडळाला पत्र गेलं. उत्तर आलं नाही. काका रोज टपालपेटीपर्यंत जाऊन यायचे. जाऊन येऊन एक मिनिट चाळीस.

तिकडं काकूंनी त्या सहा महिन्यांत मुलाकडं एकच गोष्ट मागितली होती. धबधबा नको, पुतळा नको, पण एकदा खऱ्या मैदानात बसून सामना बघायचा. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत. मंदार दर वेळी म्हणायचा, "नेक्स्ट वीकेंड नक्की, आई." मग त्याचं काही ना काही निघायचं. बघता बघता सप्टेंबर संपत आला. विमानाची तिकिटं ऑक्टोबरची होती. "राहिलंच म्हणायचं," काकू मला म्हणाल्या आणि मग बराच वेळ भाजी निवडत बसल्या.

आणि अचानक पत्र आलं. मोठ्या मंडळाचं नव्हे. शेजारच्या गावात पगारी खेळाडूंचा एक छोटा संघ होता, त्यांचं. हंगाम संपल्यावर ते एका रविवारी दुपारी एक गमतीचा सामना खेळणार होते, झटपट नियमांचा. लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मंदारनं काकांची यादी तिकडंही पाठवून दिली होती. सतरापैकी सहा नियम त्यांनी घेतले होते. अकरावा त्यांत होता. काकांना सामन्याआधी मैदानात बोलवून दोन शब्द बोलायला सांगितलं होतं आणि सोबत चार तिकिटं.

काकूंना आनंद झाला की दुःख, मला कळेना. त्यांना मैदान मिळालं होतं, पण नवऱ्यानं कातरलेलं.

"कापून कापून किती कापतील?" त्या मला म्हणाल्या. "थोडं तरी ठेवतीलच की. तू चल माझ्याबरोबर. मंदारला वेळ नाही, तिकीट आहे."

मी लाजत होते, पण रेखानं मला ढकललंच.

रविवारी साडेबाराला मंदारनं आम्हा तिघांना मैदानाच्या दारात सोडलं. गाडीत त्याची लेक पिंकीही होती. "चार-सव्वाचारला येतो. पिंकीचा स्विमिंग क्लास आहे, मग ग्रोसरी करून येतो." आमच्या तिघांत एकालाही गाडी चालवता येत नव्हती आणि मोबाईल होता तो मंदारच्या खिशात. तिथं आईवडिलांचं असंच असतं. सोडलं तिथं राहायचं, न्यायला येतील तेव्हा जायचं.

मैदान छोटं होतं, पण गवत असं हिरवं की डोळे निवले. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. पिशवीत भडंग, रव्याचे लाडू, पाण्याची बाटली, अंगावर घ्यायला शाल. तीन तासांची सगळी तयारी. आमच्या पुढच्या रांगेत टोपी घातलेली एक गोरी आजी होती. तिच्या मांडीवर वही आणि कानावर पेन्सिल होती. प्रत्येक चेंडूला ती काहीतरी टिपून ठेवणार होती. काकूंनी तिला लाडू दिला. दोघी एकमेकींची भाषा न समजता हसल्या.

काकांना मैदानात नेलं. एका मुलीनं त्यांच्या डोक्यावर टोपी घातली आणि हातात माईक दिला. काकांनी खिशातून भाषण काढलं. ते चार मिनिटांचं होतं; मला माहीत आहे, कारण घरी माझ्यासमोर तीनदा मोजलं होतं. "लेडीज अँड जंटलमेन," ते म्हणाले आणि कारखान्यातल्या नोकरीपासून सुरुवात केली. अजून ते कारखान्याच्या फाटकातच होते, तोच भोंगा वाजला. केवढा मोठा! मैदानातले पक्षी उडाले. भाषणाला तीस सेकंद दिले होते, त्यांच्याच नियमांच्या धर्तीवर. काकांना ते आपल्यासाठी आहे असं वाटेना. ते परत बोलायला लागले. परत भोंगा. लोक टाळ्या वाजवून हसायला लागले. त्या मुलीनं हळूच माईक काढून घेतला.

काकू बघत होत्या. "पुढे?" त्या अगदी हळू म्हणाल्या. मला ठसकाच लागला.

मग सामना सुरू झाला, आणि तो कसा झाला ते मला खरंच सांगता येणार नाही. फळीवर मोठे लाल आकडे उलटे पळत होते. चेंडू टाकणारे घामाघूम होऊन चेंडू फेकत होते. कोणाला टोपी काढायला सवड नव्हती. एकाचा हातमोजा सुटला तर तो दातानं धरून खेळला. क्षणाक्षणाला भोंगा. काकूंनी भडंगाचा डबा उघडला, मला मूठभर दिलं, पिशवीतून रुमाल काढला आणि वर बघितलं तर एक डाव संपला होता.

"अगं, कोण बाद झालं?"

"मला नाही दिसलं काकू."

पुढच्या रांगेतल्या आजीनं चौथ्या डावापर्यंत नेट धरला. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि वही मिटली.

सातवा डाव आला. सवयीनं लोक अर्धवट उठले. काकूही उठल्या, पदर सारखा केला. लगेच भोंगा झाला आणि चेंडू टाकलासुद्धा. लोक परत बसले. काकू मात्र थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. शेजारी येऊन बसलेले काका त्यांना म्हणाले, "बस. मागच्यांना दिसत नाही."

दोनला पाच कमी असताना सामना संपला.

काका उठून उभे राहिले, बटण दाबलं. "एक्कावन्न मिनिटं!" त्यांनी घड्याळ उंच धरलं. "सव्वादोन तास वाचले! सव्वादोन!" त्यांनी इकडं तिकडं बघितलं. ऐकायला कोणी नव्हतं. लोक गाड्यांकडं निघाले होते. सगळ्यांना वेळ मिळाला होता आणि तो घेऊन ते घरी चालले होते. आम्हाला न्यायला मात्र सव्वाचारपर्यंत कोणी येणार नव्हतं.

काका सार्वजनिक फोन शोधायला गेले. मंदार फोन उचलेना. परत आले, परत गेले. माणसं नसलेल्या त्या मैदानात ते खुर्च्यांच्या दोन रांगांमधून येरझाऱ्या घालत होते. त्या टोपीवाल्या मुलीनं आम्हाला बसून राहायला खुणेनं सांगितलं होतं. खाली दोन माणसं माती सारखी करत होती. एकजण दाताळं ओढायचा, दुसरा पाणी मारायचा. मध्येच दोघं थांबून गप्पा मारायचे. काकू एकटक त्यांच्याकडं बघत होत्या.

"सुमन, ऊठ. दाराशी उभे राहू."

"तिथं काय आहे?"

"इथं तरी काय आहे? नुसता वेळ चाललाय."

"मग तुम्ही वाचवलेला काढा की थोडा," काकू म्हणाल्या. "सव्वादोन तास आहेत ना? कुठं ठेवलेत?"

काकांचा हात बटणावर गेला, पण मोजायचं काय ते सुचेना बहुतेक.

पाचव्या का सहाव्या वेळी फोन लागला. मंदार चिडून, पिंकीला ओल्या केसांनी गाडीत बसवून, अडीचला धावत आला. "चला, चला, लवकर! क्लास अर्धा सोडून आलोय."

काका लगेच निघाले. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"आई, चल ना. गेम संपली."

"तुमची संपली. मला तू सव्वाचारचं सांगितलं होतंस."

"अगं, पण इथं बघायला काहीच नाहीये!"

"ते मी ठरवेन," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मंदारनं बापाकडं बघितलं, बापानं मंदारकडं बघितलं. दोघांनाही घाई होती आणि दोघांनाही पुढचं कळेना. आपण बोललं तर बरं दिसेल का, असं माझ्या मनात आलं. मग मी लाडवाचा डबा उघडला.

पंधरा दिवसांनी काका-काकू पुण्याला गेले. निघाले तेव्हा मी नातवाला शाळेतून आणायला गेले होते, त्यामुळं गाठ पडली नाही. नंतर दोनेक वर्षांत काका गेल्याचंही कळलं. पण त्यांची आठवण निघाली की मला ते दिसतात ते त्या दुपारचे.

आमच्या बाकड्यावरून कुंपणाच्या जाळीपलीकडं मंदारची गाडी दिसत होती. रिकाम्या जागेत तेवढी एकच गाडी उभी. मंदार बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. पिंकी त्याच्याभोवती उड्या मारत होती. आणि काका पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, पट्टा लावून, काच वर करून, दोन्ही हात मांडीवर. गाडी सुरू झाली की लगेच निघता यावं म्हणून ते सरळ समोर बघत होते. त्यांनी मान एकदाही वळवली नाही.

काकूंनी चप्पल काढून पाय पुढच्या खुर्चीवर ठेवले, शाल मांडीवर पसरली. खाली त्या माणसानं पांढरी रेघ मारायला घेतली होती. काकूंनी लाडू मोडून मला अर्धा दिला.

"सावकाश खा," त्या म्हणाल्या.